आमचे काय चुकले?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आमच्या गावातील एका सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातल्याची बातमी जुम्याच्या दिवशी सकाळी आली. जुम्याची नमाज होण्याआधीच बँकेच्या दारात रांग लागली होती. शटर अर्धे खाली ओढलेले होते आणि भिंतीवर एक कागद चिकटवला होता. पुढील आदेश येईपर्यंत एका खातेदाराला पाच हजार रुपयांपेक्षा जास्त रक्कम काढता येणार नाही, असे त्यावर लिहिले होते.

त्या रांगेत आमच्या मोहल्ल्यातील एक खाला उभ्या होत्या. त्यांचे शौहर शाळेत शिपाई होते. त्यांचा इंतकाल होऊन सात वर्षे झाली होती. त्यांच्या फंडातून उरलेले आणि स्वतः शिवणकाम करून साठवलेले मिळून तीन लाख ऐंशी हजार रुपये खालांनी हजसाठी त्या बँकेत ठेवले होते. व्याजाला त्यांनी कधी हात लावला नाही. जे येईल ते गरजूंना देऊन टाकत. बँकेत ठेवलेला पैसा म्हणजे अमानत, इतका सरळ त्यांचा हिशोब होता. आम्हाला पाहून त्या म्हणाल्या, "बेटा, मी कधी उधळपट्टी केली नाही. कुणाचं कर्ज ठेवलं नाही. मग यात माझं काय चुकलं?"

आम्ही तेव्हा चार धीराचे शब्द बोलून वेळ मारून नेली. पण तो प्रश्न काही मनातून गेला नाही. पुढे १९२९ नंतरच्या जागतिक महामंदीविषयी वाचताना लक्षात आले की, खालांचा हाच प्रश्न त्या काळी जगभरातील कोट्यवधी माणसे विचारत होती. त्याची उत्तरे मात्र त्यांनी वेगवेगळी दिली. त्या उत्तरांची बरीवाईट फळे आज नव्वद वर्षांनंतरही आपण सगळे चाखत आहोत. म्हणून या महिन्यात त्याबद्दल चार गोष्टी.

न्यू यॉर्कमधील रांग

१० डिसेंबर १९३०. न्यू यॉर्क शहराच्या ब्राँक्स भागात एका बँकेच्या शाखेसमोर अशीच रांग लागली. बँकेचे नाव होते 'बँक ऑफ युनायटेड स्टेट्स'. नाव ऐकून कुणालाही वाटावे की ही सरकारी बँक आहे. प्रत्यक्षात ती खाजगी होती. परदेशातून आलेल्या अनेक भोळ्या माणसांचा त्या नावावरूनच गैरसमज झाला होता. तिचे बरेचसे खातेदार यहुदी स्थलांतरित होते. कपड्यांच्या कारखान्यात शिलाई करणारे कारागीर, छोटे दुकानदार, मुलीच्या लग्नासाठी पैसे साठवणारे आईबाप. म्हणजे आपल्या मोहल्ल्यांत राहतात तशीच माणसे.

त्या दिवशी एक छोटा व्यापारी आपल्याकडचे बँकेचे शेअर विकायला आला. विकू नका, असा सल्ला त्याला मिळाला. बाहेर येऊन त्याने सांगितले की, बँक शेअर परत घ्यायला नकार देते आहे. ही अफवा वाऱ्यासारखी पसरली. दुपारपर्यंत हजारो लोक जमले. दुसऱ्या दिवशी, ११ डिसेंबरला, बँक बंद झाली आणि चार लाखांहून अधिक खातेदारांचे पैसे अडकले. पुढे काही वर्षांत त्यातील मोठा भाग हप्त्याहप्त्याने परत मिळाला. पण ज्याला त्याच आठवड्यात घरभाडे भरायचे होते, त्याला त्या परताव्याचा काय उपयोग?

हे एका बँकेचे झाले. १९३० ते १९३३ या काळात अमेरिकेत सुमारे नऊ हजार बँका बुडाल्या.

जपून वागणाराही बुडाला, तो कसा?

महामंदीची सुरुवात ऑक्टोबर १९२९ मध्ये न्यू यॉर्कच्या शेअर बाजाराच्या घसरणीपासून सांगितली जाते. त्याआधी काही वर्षे लोक उसने पैसे घेऊन शेअर खरेदी करत होते. रेडिओ, मोटारगाडी, घरातील फर्निचर, सगळे हप्त्यांवर मिळत होते. आयर्व्हिंग फिशर हे त्या वेळचे अमेरिकेतील नामवंत अर्थशास्त्रज्ञ. शेअरचे भाव आता कायमच्या उंच पठारावर पोहोचले आहेत, असे त्यांनी घसरणीच्या काही दिवस आधी सांगितले होते. त्यांची स्वतःची दौलतही त्यात गेली. सप्टेंबर १९२९ मध्ये ३८१ वर असलेला डाऊ जोन्स निर्देशांक जुलै १९३२ मध्ये ४१ वर आला. त्याला जुन्या पातळीवर परत यायला १९५४ साल उजाडले.

पण शेअर घेणारे लोक थोडे होते. ज्यांनी कधी शेअरचा कागदही पाहिला नव्हता, ते का बुडाले?

याचे कारण असे की, बँक आपल्याकडचा सगळा पैसा तिजोरीत ठेवत नाही. आपण ठेवलेला पैसा ती पुढे दुकानदाराला, शेतकऱ्याला, घर बांधणाऱ्याला कर्ज म्हणून देते. सगळे खातेदार एकाच दिवशी दारात आले तर चांगली बँकही टिकत नाही. मग ती कर्जे परत मागू लागते. दुकानदार माल पडेल त्या भावाने विकतो. भाव पडले की कारखाना माणसे काढतो. माणसांकडे पैसा नसला की खरेदी थांबते आणि भाव आणखी पडतात. भाव उतरतात, पण कर्जाचा आकडा उतरत नाही. पूर्वी दहा पोती गहू विकून जो हप्ता फिटायचा, त्याला आता वीस पोती लागतात.

आपल्या नुकसानीनंतर त्याच फिशर यांनी १९३३ मध्ये हे नेमके मांडून दाखवले. सगळेच एकदम कर्ज फेडायला धावले की भाव आणखी घसरतात आणि उरलेले कर्ज आणखी जड होते. म्हणजे प्रत्येक जण शहाणपणाने वागत असतानाही सगळे मिळून खड्ड्यात जात होते. १९३३ पर्यंत अमेरिकेत काम करणाऱ्या दर चार माणसांत साधारण एक बेकार होता.

पहिले उत्तर : चूक आमचीच

या संकटाला लोकांनी दिलेले पहिले उत्तर होते शरमेचे. स्टड्स टर्केल या लेखकाने १९७० मध्ये महामंदी भोगलेल्या अनेक लोकांच्या आठवणींचे पुस्तक काढले. त्यात ही गोष्ट पुन्हा पुन्हा येते. लाखो माणसांची नोकरी एकाच वेळी गेली होती, तरी प्रत्येकाला वाटत होते की, आपल्यातच काही खोट असावी.

अशा घरांत मुलांचे काय होते, याचा अभ्यास ग्लेन एल्डर या समाजशास्त्रज्ञाने केला. कॅलिफोर्नियातील ओकलंड शहरात १९२० च्या सुमारास जन्मलेल्या १६७ मुलामुलींची माहिती संशोधकांनी लहानपणापासून जमा केली होती. त्यावरून एल्डर यांनी १९७४ मध्ये पुस्तक लिहिले. घरची कमाई घटली तेव्हा ही मुले दहा-बारा वर्षांची होती. मुलींनी घरकाम अंगावर घेतले, मुलगे छोटीमोठी कामे करून पैसे आणू लागले. घराला आपली गरज आहे, हे त्यांना कळले. त्यांतील बरीच मुले मोठेपणी चांगली उभी राहिली. मात्र शेजारच्या बर्कली शहरातील, आठ-नऊ वर्षांनी लहान असलेल्या मुलांना, विशेषतः मुलग्यांना, त्याच तंगीचा जास्त त्रास झाला. ती इतकी लहान होती की हातभार लावू शकत नव्हती. घरातील ताण तेवढा सोसत होती.

एल्डर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आणखी एक गोष्ट दिसली. मुलांचे नुकसान पैशाच्या कमतरतेने थेट कमी आणि घरातील वातावरण बिघडल्याने जास्त झाले. कमाई गेल्यावर बाप चिडचिडा झाला, विनाकारण रागावू लागला, की मुले कोमेजत. जिथे मियाँ-बीवीचे नाते घट्ट होते, तिथे तोच आघात हलका होई.

वाचक बंधू-भगिनींनो, हे वाचताना आम्हाला लॉकडाऊनचे दिवस आठवले. नोकरी गेलेले एक भाई रोज सकाळी डबा घेऊन घराबाहेर पडत आणि संध्याकाळी परत येत. दोन महिने त्यांनी बायकोला कळू दिले नाही. दिवसभर ते कुठे बसत असतील, हे अल्लाहलाच ठाऊक. घरात मात्र मुलांवर आवाज चढत होता आणि त्याचे कारण कुणालाच समजत नव्हते. तंगी लपवल्याने कमी होत नाही, उलट ती घरातील दुसऱ्या माणसांवर निघते. दहा-बारा वर्षांच्या मुलाला, "सध्या हात आवळून चालायचं आहे, तुझी मदत लागेल," एवढे सांगितले तर तो घाबरत नाही, जबाबदार होतो. महामंदीतील मुलांनी आपल्याला दिलेली ही मोठी शिकवण आहे.

दुसरे उत्तर : चूक शेजाऱ्याची

दुसरे उत्तर शरमेपेक्षा भयंकर होते. ते जर्मनीत दिले गेले. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनी बऱ्याच प्रमाणात अमेरिकन कर्जावर चालली होती. अमेरिकेने हात आखडता घेतला तशी ती कोसळली. १९३२ च्या सुरुवातीला तिथे साठ लाखांच्या आसपास लोक बेकार होते. अशा वेळी हिटलरच्या पक्षाने लोकांना गुन्हेगार दाखवून दिला : यहुदी. देशाच्या लोकसंख्येत ते एक टक्काही नव्हते. पण रिकाम्या पोटाला आणि दुखावलेल्या मनाला सोपे उत्तर हवे होते. १९२८ च्या निवडणुकीत या पक्षाला १२ जागा मिळाल्या होत्या. १९३० मध्ये त्या १०७ झाल्या आणि जुलै १९३२ मध्ये २३०. ३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर चान्सलर झाला. पुढे काय घडले ते जगाला माहीत आहे.

बाजारात मंदी आली, दुकाने ओस पडली, की कुणाच्या तरी नावाने बोटे मोडण्याचा धंदा जोरात चालतो. त्या बोटाचा रोख आपल्यावर आला की किती लागते, हे आपल्याला सांगायला नको. पण म्हणूनच आपली जबाबदारी दुप्पट आहे. आपल्या अडचणीसाठी आपणही कुठल्या जातीला, कुठल्या परप्रांतीयाला, कुठल्या शेजाऱ्याला धरून शिव्या देत नाही ना, हे तपासून पाहावे.

तिसरे उत्तर : चूक व्यवस्थेची, ती दुरुस्त करा

तिसरे उत्तर उशिरा आले, पण टिकले. ४ मार्च १९३३ रोजी फ्रँकलिन रूझवेल्ट अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. दोनच दिवसांत त्यांनी देशातील सगळ्या बँका बंद ठेवायला लावल्या आणि तपासणी सुरू केली. १२ मार्चच्या रात्री ते रेडिओवर बोलले. बँक म्हणजे काय, तुमचा पैसा ती कुठे गुंतवते, रांगा लागल्या की काय होते, हे त्यांनी घरातल्या माणसाला समजावून सांगावे तसे सांगितले. दुसऱ्या दिवसापासून तपासलेल्या बँका उघडू लागल्या. पुन्हा रांगा लागल्या, पण या वेळी लोक घरात लपवलेला पैसा परत ठेवायला आले होते.

भाषणाने विश्वास आला, कायद्याने तो टिकवला. जून १९३३ च्या कायद्याने ठेवींचा विमा आला. १ जानेवारी १९३४ पासून प्रत्येक खातेदाराच्या अडीच हजार डॉलरपर्यंतच्या ठेवीला हमी मिळाली. बँक बुडाली तरी छोट्या माणसाचा पैसा बुडणार नाही, एवढे कळल्यावर अफवा ऐकून धावत सुटण्याचे कारणच उरले नाही. बँका बुडण्याचे प्रमाण एकदम खाली आले. ऑगस्ट १९३५ मध्ये वृद्धांच्या पेन्शनचा आणि बेकारभत्त्याचा कायदा झाला. १९३८ मध्ये किमान वेतन ठरले, कामाच्या तासांवर मर्यादा आली, कारखान्यांतील बालमजुरीला आळा बसला. त्याच वर्षीच्या शेतीकायद्यात 'कायम भरलेले कोठार' ही कल्पना आली. पीक उदंड येईल तेव्हा धान्य साठवायचे आणि तुटवड्याच्या वर्षी बाहेर काढायचे.

ही कल्पना आपल्याला नवी नाही. हजरत यूसुफ (अलैहिस्सलाम) यांचा किस्सा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. सात वर्षे सुकाळ, सात वर्षे दुष्काळ. त्यातून आपण बहुधा काटकसरीचा धडा घेतो. तो बरोबरच आहे. पण नीट पाहिले तर लक्षात येते की, घरोघरी मडक्यात धान्य लपवा, असा तो उपाय नव्हता. साऱ्या मुलखाचे कोठार एका अमानतदार माणसाच्या हाती होते. त्यामुळेच मुलूख वाचला, आणि दुरून धान्य मागायला आलेलेही रिकाम्या हाताने परतले नाहीत.

महामंदीचा खरा वारसा आम्हाला यात दिसतो. घराची काटकसर हवीच, पण तेवढ्याने भागत नाही. हजार घरांच्या काटकसरीवर एक छप्पर लागते. ते सगळ्यांनी मिळून घालायचे असते.

हे छप्पर अमेरिकेतही सगळ्यांच्या डोक्यावर आले नाही, हे सांगितले पाहिजे. १९३५ च्या पेन्शन कायद्यातून शेतमजूर आणि घरकाम करणारे वगळले गेले. काळ्या कामगारांतील मोठा हिस्सा नेमका याच कामांत होता. त्याच काळात एका सरकारी गृहकर्ज संस्थेने दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे बनवले. धोक्याच्या वस्त्या त्यात लाल रंगाने दाखवल्या होत्या. काळ्या लोकांच्या वस्त्या जवळपास नेहमी लालच असत. गृहकर्जाला हमी देणाऱ्या सरकारी धोरणातही अनेक वर्षे हाच दृष्टिकोन राहिला. एका वंशाच्या माणसांना घर घेता आले, त्यांच्या मुलांना ते वारशात मिळाले; दुसऱ्यांना भाड्याच्या खोलीतच राहावे लागले. कर्जाच्या अर्जावर, "तुमचा एरिया बसत नाही," हे उत्तर आपल्यापैकी काहींनी ऐकले असेल. त्यांना त्या लाल रंगाचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

आपल्या मुलखात काय झाले?

मंदीची लाट हिंदुस्थानातही आली. आपल्याकडे तिने शेअर बाजारापेक्षा शेतकऱ्याला जास्त झोडपले. १९२९ नंतर दोन वर्षांत शेतमालाचे भाव साधारण निम्म्यावर आले. पण सरकारी शेतसारा आणि सावकाराचा हप्ता रोख रकमेत ठरलेला होता. तो निम्मा झाला नाही. बँकिंग चौकशी समितीने १९३१ च्या सुमारास ग्रामीण कर्जाचा अंदाज नऊशे कोटी रुपये सांगितला होता. १९३७ पर्यंत रिझर्व्ह बँकेच्या शेतीकर्ज विभागाचा अंदाज अठराशे कोटींवर गेला.

मग घरातील सोने बाहेर निघाले. सप्टेंबर १९३१ मध्ये इंग्लंडने पौंडाची सोन्याशी असलेली गाठ सोडली. रुपया पौंडाला बांधलेला होता, त्यामुळे सोन्याचा रुपयातील भाव चढला. १९२७ मध्ये सरकारने ठरवलेला तोळ्याचा भाव होता २१ रुपये ३ आणे १० पै. पुढील काही वर्षांत तो तिशीच्या वर गेला. शतकानुशतके सोने विकत घेणारा हा देश सोने बाहेर पाठवू लागला. मुंबई बंदरातून ते जहाजांनी लंडनकडे निघाले. काहींनी नफ्यासाठी विकले हे खरे, पण खेड्यापाड्यांतून आलेले पुष्कळ सोने अडचणीचे होते. कुणाच्या आईच्या पाटल्या, कुणाच्या मेहेरचा हार, सारा भरण्यासाठी मोडलेला.

आपल्या घरांत आजही, "सोनं अडीअडचणीला कामाला येतं," हे वाक्य ऐकू येते. ते नुसते हौसेतून आलेले नाही. दुसरे कुठलेच छप्पर नसलेल्या बायकांनी शिकलेला तो हिशोब आहे.

इथेही काही दुरुस्त्या झाल्या. नागपूर राजधानी असलेल्या मध्यप्रांतात १९३३ मध्येच कर्जाबाबत तडजोड घडवणारा कायदा झाला. मुंबई प्रांतात १९३९ मध्ये शेतकरी कर्ज निवारण कायदा आला. अडचणीत सापडलेल्या कर्जदाराला सवड द्यावी, जमल्यास माफ करावे, ही आपल्या दीनची शिकवण आहे. महामंदीने ती गोष्ट सरकारांनाही अनुभवाने शिकवली. १९६० मध्ये केरळमधील पलाई सेंट्रल बँक आणि महाराष्ट्रातील लक्ष्मी बँक बुडाल्यानंतर आपल्याकडेही ठेवींच्या विम्याचा कायदा झाला. १ जानेवारी १९६२ पासून दीड हजार रुपयांपर्यंतच्या ठेवीला संरक्षण मिळाले. १९९३ मध्ये ही मर्यादा एक लाख झाली आणि फेब्रुवारी २०२० मध्ये पाच लाख. २०२१ च्या दुरुस्तीने असे ठरले की, बँकेवर निर्बंध आले तर विम्याची रक्कम नव्वद दिवसांत मिळावी.

आपण काय करावे?

आता घरगुती चार गोष्टी.

एक. आपली बँक या विम्यात आहे का, हे बँकेत जाऊन विचारा. संरक्षण एका बँकेतील एका व्यक्तीच्या सगळ्या ठेवींना मिळून, व्याजासह, पाच लाखांपर्यंत आहे. एकाच बँकेच्या दोन शाखांत पैसे ठेवले तर मर्यादा दुप्पट होत नाही. रक्कम मोठी असेल तर दोन वेगळ्या बँकांत ठेवा.

दोन. पतसंस्था ही बँक नाही. तिच्या पाटीवर काहीही रंगवलेले असो, पतसंस्थेतील ठेवीला हा विमा लागू होत नाही. भिशी, चिट फंड, ओळखीच्या माणसाचा "धंद्यातील हिस्सा", यांनाही नाही. ब्राँक्सच्या कारागिरांना बँकेच्या नावाने चकवले होते. आपल्याला कधी नावाने, कधी दाढी-टोपीने, कधी 'हलाल नफा' या शब्दाने चकवले जाते. दरमहा ठरावीक मोठा नफा देण्याची हमी कुणी देत असेल, तर तो कितीही दीनदार दिसो, कागद मागा, नोंदणी मागा, हिशोब मागा. अमानतीचा हिशोब विचारणे ही बदगुमानी नव्हे.

तीन. तंगी आली तर घरात सांगा. बायकोला सांगा, वयात येणाऱ्या मुलांना सांगा. शरमेने माणूस चुकीच्या दारात जातो, आणि सावकाराचे दार रात्रीही उघडे असते.

चार. मोहल्ल्यात बैतुलमाल असेल तर त्यात थोडे का होईना घाला, नसेल तर दहा घरांनी मिळून कर्ज-ए-हसनाची छोटी पेटी सुरू करा. हिशोब मशिदीच्या फळ्यावर दरमहा लिहा. कुणी घेतले ते लिहू नका, किती आले आणि किती गेले तेवढे लिहा. कोठार लहान असले तरी चालेल. त्याची किल्ली अमानतदाराच्या हाती हवी.

त्या जुम्याच्या दिवशी रांगेत असलेल्यांपैकी एका निवृत्त गृहस्थांचे अकरा लाख होते. त्यांना पाच मिळाले. बाकीच्यांची ते अजून वाट पाहत आहेत. खालांचे तीन लाख ऐंशी हजार काही महिन्यांनी पूर्ण मिळाले. तोवर हजचा खर्च वाढला होता, म्हणून त्यांनी आणखी एक वर्ष मशीन चालवली. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला त्या दिवशी देता आले नव्हते. आज देतो : खाला, तुमचे काही चुकले नाही. तुमच्या अमानतीवर जे छप्पर हवे होते, ते घालणाऱ्यांचे चुकले. आणि ते थोडेफार तरी शाबूत होते म्हणून तुम्ही वाचलात. ते छप्पर दूर देशातल्या, तुमच्यासारख्याच रांगेत उभ्या राहिलेल्या लोकांच्या हालातून आधी उभे राहिले होते.

हजहून परतल्यावर खाला नवीन बँकेत खाते उघडायला गेल्या, तेव्हा आम्ही सोबत होतो. बाईंनी फॉर्म पुढे सरकवला. खालांनी आधी चष्मा लावला, मग पेन बाजूला ठेवून विचारले, "बेटी, ठेवीचा विमा आहे ना? कुठे लिहिलंय ते दाखव."

अल्लाह आपल्या सर्वांच्या रोजीत बरकत देवो, आणि आपल्याकडे सोपवलेल्या अमानतीला जपण्याची तौफिक देवो. आमीन.